जुन्या गाण्यांच्या कॉमेडी म्युझिकलसाठी ऑडिशन घेताना

पहिल्यांदाच ऑडिशन घेतोयस म्हणून सांगतो, नुसता आवाज आवडला म्हणून रोल देऊन टाकू नकोस. जुनी हिट गाणी सगळ्यांना पाठ असतात, त्यामुळे मूळ गायकाची हुबेहूब नक्कल करणारे ढीगभर येतात आणि ऐकायला भारीच वाटतं, पण नाटकात ते गाणं त्या पात्राचं वाटायला हवं ना. मी काय करतो, गाण्याचा छोटा तुकडा, १६ किंवा ३२ बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक भाग) गाऊन घेतो आणि मग तेच शब्द चाल सोडून, समोरच्याशी भांडतोय असं समजून नुसते बोलायला लावतो. अभिनय येतो की नाही ते तिथे लगेच कळतं. शेवटच्या ओळीला लागूनच संवादही म्हणायला लाव, बरेच जण तिथे एक श्वास घेऊन थांबतात आणि कॉमेडीचं टायमिंग गेलंच म्हणून समज!

साथीला पियानोवाला बसवच, म्हणजे पट्टी वर-खाली करून रेंज बघता येते. हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर जुळवून गाणं, कॉलबॅकला (निवडलेल्यांना पुन्हा बोलावशील तेव्हा) तपास, तिघा-चौघांना एकत्र उभं कर आणि शेजारी वेगळा सूर लागलेला असताना आपला सूर कोण धरून ठेवतं ते बघ, कोरसमध्ये हीच माणसं लागतात. डान्स थोडा कच्चा असला तरी चालतो, तालमीत होतो तो.

आणि हो, गाणी नाटकात वापरायचे हक्क मिळालेत का ते कास्टिंगच्या आधीच बघून घे, एखादं गाणं गळलं तर अख्खा रोल बदलतो.