साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी टॅबवर शिकवणारी नर्सरी बरी की साधी बालवाडी?

तुम्ही विचारलंय की वडोदऱ्यात घराजवळच्या एका नर्सरीत प्रत्येक मुलाला टॅब देतात, दुसऱ्या बालवाडीत मणी, माती, ठोकळे एवढंच आहे. बालवाडीत घातलं तर मुलगी मागे पडेल का? नाही पडणार. मी तरी बालवाडीच निवडेन.

मी दांडिया बाजारात बालवाडीच्या मुलांना शिकवते. आमच्याकडे माँटेसरीची दट्ट्यांची पेटी आहे. लाकडात दहा भोकं आणि त्यांत बसणारे जाड-बारीक दहा दट्टे. मूल बारीक दट्टा मोठ्या भोकात टाकतं, तो आत जातो, त्याला वाटतं जमलं. शेवटी हातात जाड दट्टा उरतो आणि भोक उरतं बारीक. दाबून बघतं, फिरवून बघतं, माझ्याकडे बघतं. मी गप्प. मग आपणच सगळे उपसून पुन्हा लावायला घेतं. चूक कुणी सांगितली? लाकडाने. टॅबवरच्या अशाच खेळात चुकलेला ठोकळा आपोआप मागे सरकतो, बरोबर बसला की टाळ्या वाजतात. मग मूल विचार सोडून टाळ्या वाजेपर्यंत बोट फिरवत बसतं. शिवाय दट्टा अंगठा आणि दोन बोटांत धरावा लागतो. पुढे पेन्सिलीला हीच पकड लागते. काचेवर एक बोट पुरतं.

साधं सामान म्हणजे कमी दर्जाचं शिक्षण, ही भीती मनातून काढा. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं, तिथे काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे अनुताई वाघांसोबत बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, पानं, बिया यांतून साधनं उभी केली. आज केंद्र सरकारने लहान मुलांसाठी काढलेल्या 'जादुई पिटारा' या साधनांच्या संचातही खेळणी, कोडी, बाहुल्याच आहेत.

आपल्या मुलांच्या भाषेचाही विचार करा. घरी मराठी, गल्लीत गुजराती. टॅब बोलतो, पण मुलीचं ऐकून घेत नाही. मातीच्या परातीभोवती पोरं 'आ मारुं छे' (हे माझं आहे) म्हणून भांडतात ना, त्यातच भाषा येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एका तासाच्या वर जाऊ नये, कमी असेल तितकं चांगलं. शाळेतला टॅब आणि घरातला मोबाइल दोन्ही त्याच तासात धरा. पुण्याच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर खुशाल बोलू दे, तिथे समोर जिवंत माणूस असतं.

प्रवेश घेण्याआधी मात्र बालवाडीत अर्धा तास बसून या. साधनं मुलांच्या हाताला येतील अशी उघड्या फळीवर आहेत का, आणि मूल अडलं की बाई लगेच हात घालतात की थांबतात, एवढं बघा. सामान कुलपात आणि मुलं ओळीत बसून एबीसीडी घोकत असतील, तर टॅब नसला तरी ती शाळा नको. तिसरी शोधा.