एफ५ दाबण्याआधी कोणती बाजू ॲक्टिव्ह आहे ते बघा

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. नागपूरच्या महाल भागातल्या स्टुडिओत लग्नाचे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावरून हार्ड डिस्कवर घेण्यासाठी तुम्ही टोटल कमांडर हा दोन बाजूंचा फाइल मॅनेजर टाकलाय. मित्र सांगतो, माउसला हातच लावू नका. इकडे कॉपीसाठी एफ५ दाबलं की कधी स्क्रीनचा उजेड बदलतो, आणि परवा तर कॉपी सुरू करताच कार्डावर जागा नसल्याचा मेसेज आला. शेवटच्या गोष्टीपासून सुरू करते, कारण ती सगळ्यात धोक्याची आहे.

फोटो डिस्कवर जायचे होते, मग कार्डावर जागा कशाला लागली? कारण कॉपी उलट्या दिशेने निघाली होती. दोन बाजूंच्या फाइल मॅनेजरमध्ये डावी बाजू म्हणजे 'कुठून' आणि उजवी म्हणजे 'कुठे' असं ठरलेलं नसतं. ज्या बाजूला कर्सर आहे ती 'कुठून', समोरची ती 'कुठे'. आता माउसची सवय काय करते बघा. तुम्ही डावीकडे फोटो निवडले, मग डिस्कवर बरोबर फोल्डर उघडलाय ना हे बघायला उजवीकडे एक क्लिक केलं. त्या एका क्लिकने उजवी बाजू ॲक्टिव्ह झाली. एफ५ दाबताच डिस्कवरचा माल कार्डाकडे निघाला. कार्ड भरलेलं होतं म्हणून मेसेज आला, रिकामं असतं तर कळलंही नसतं.

म्हणून एक सवय लावा. एफ५ च्या आधी वरच्या पाथच्या, म्हणजे फोल्डरचा पत्ता दाखवणाऱ्या पट्टीकडे बघा. ॲक्टिव्ह बाजूची पट्टी ठळक रंगात असते आणि कर्सरची चौकट फक्त त्याच बाजूच्या यादीत दिसते. बाजू बदलायची तर टॅब दाबा. टॅब आपण जाणूनबुजून दाबतो, क्लिक मात्र हात जाता जाता करून जातो, फरक इतकाच आहे. आणि एफ५ नंतर येणाऱ्या खिडकीत कुठे कॉपी होणार ते लिहिलेलं असतं. तिथे सरळ एंटर ठोकू नका, ती ओळ वाचा. त्याच नावाची फाइल समोर आधीच असेल तर दोन्हींची तारीख आणि साइज दाखवून विचारणा होते. तिथेही 'सगळ्या ओव्हरराइट करा' म्हणायची घाई नको. कॅमेऱ्याचे नंबर फिरून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, त्यामुळे दोन वेगळ्या लग्नांच्या फोटोंचं नाव एकच असू शकतं.

आता एफ६. एफ६ म्हणजे हलवणं: एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवताना आधी कॉपी होते आणि मग मूळ फाइल पुसली जाते. कार्डाच्या बाबतीत एफ६ वापरूच नका, एफ८ म्हणजे डिलीटही नको. डिस्कवरून डिलीट केलेली फाइल साधारणपणे रिसायकल बिनमध्ये सापडते, पण मेमरी कार्डावरून किंवा पेन ड्राइव्हवरून पुसलेली तिथे जात नाही. आदल्या रात्री वर्धा रोडवरच्या लॉनवर झालेलं रिसेप्शन पुन्हा होत नाही, भाऊ. कार्डावरून फक्त एफ५. कॉपी झाली, तपासली, दुसऱ्या डिस्कवरही गेली, की मग कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा.

तपासायचं कसं? कर्सर फोल्डरवर ठेवून स्पेस दाबा, त्याची खरी साइज मोजून समोर येते. टॅबने पलीकडे जा, तिथेही तेच करा. आकडे जुळले म्हणजे निदान काही सुटलं नाही. पूर्ण खात्री हवी असेल तर कमांड्स मेन्यूत दोन फोल्डर सिंक्रोनाइझ करायची सोय आहे. तिथे कंटेंटप्रमाणे तुलना करायची खूण करा आणि फक्त तुलनेचं बटण दाबा. वेळ लागतो, पण फाइल अर्धवट गेली असेल तर तिथे पकडली जाते. मे महिन्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि बाहेरच्या डिस्कला स्वतःची बॅटरी नसते, म्हणून भर लग्नसराईत मी ही तुलना टाळत नाही.

मग माउस सोडायचा का? माझं मत अगदी स्पष्ट आहे: नाही. मी सीताबर्डीला लग्नपत्रिका आणि अल्बमचं डीटीपी करते, दिवसभर फाइली इकडून तिकडे जातात आणि माझा उजवा हात बराच वेळ माउसवरच असतो. डोळ्यांनी बघून निवडायचं काम माउसने करा. कुठून, कुठे आणि काय करायचं हा हुकूम मात्र कीबोर्डने द्या.

निवडण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमचा सगळा वेळ तिथेच जातो. टोटल कमांडरच्या सेटिंगमध्ये माउसने निवडायच्या दोन पद्धती आहेत. एक विंडोजची नेहमीची: कंट्रोल धरून एकेक क्लिक, शिफ्ट धरून सलग पट्टा. दुसरी उजव्या बटणाची: राइट क्लिक केलं की फाइल लाल होते, पुन्हा केलं की सुटते, आणि बटण दाबून खाली ओढत नेलं की सगळ्या ओळी रंगत जातात. या पद्धतीत राइट क्लिकचा नेहमीचा मेन्यू हवा असेल तर बटण क्षणभर दाबून धरावं लागतं. फोटोवाल्यांना मी दुसरीच सुचवते. पहिलीत कंट्रोल जरा सुटला आणि साधं क्लिक झालं की मेहनतीने निवडलेले फोटो एका झटक्यात सुटतात.

फोटो बघत बघत निवडायचे असतील तर कंट्रोल आणि क्यू दाबा. समोरच्या बाजूला यादीच्या जागी फोटो दिसू लागतो. खालच्या बाणाने पुढे जा, आवडला तिथे इन्सर्ट दाबा: फाइल निवडलीही जाते आणि कर्सर एक ओळ खालीही सरकतो. डोळे मिटलेले, हललेले फोटो वेगळे काढायला यापेक्षा वेगवान रीत मला सापडलेली नाही. फक्त एफ५ च्या आधी पुन्हा कंट्रोल-क्यू करून ते बंद करा, म्हणजे समोर कोणता फोल्डर आहे ते दिसेल.

कार्डात जेपीजी आणि निकॉनच्या एनईएफ फाइली मिसळलेल्या असतील तर एकेक शोधत बसू नका. नंबर पॅडवरचं अधिकचं बटण दाबा आणि येणाऱ्या चौकटीत तारांकन, टिंब, एनईएफ (*.nef) लिहा. तेवढ्याच निवडल्या जातात. उण्याने सुटतात, नंबर पॅडच्या तारांकनाने निवड उलटी होते. लहान लॅपटॉपला नंबर पॅड नसतो, तिथे हीच कामं वरच्या निवडीच्या मेन्यूतून होतात.

ओढून टाकण्याबद्दल एक सांगते. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये त्याच ड्राइव्हवर फाइल ओढली तर ती हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढली तर कॉपी होते. टोटल कमांडरमध्ये ओढलं की कॉपीच होते, हलवायचं असेल तर शिफ्ट धरावं लागतं. हा नियम मला जास्त सुरक्षित वाटतो. पण माउस सोडताना बाण यादीतल्या एखाद्या फोल्डरच्या नावावर असेल तर माल त्या फोल्डरच्या आत जातो. मग 'फोटो गायब झाले' म्हणून शोधाशोध सुरू होते. म्हणून पुष्कळ फाइली असल्या की ओढणं नको, एफ५ च बरं.

उजेड बदलण्याचा प्रश्न लॅपटॉपचा आहे, सॉफ्टवेअरचा नाही. हल्ली एफ-किल्ल्यांना आवाज आणि उजेडाची कामं आधी दिलेली असतात. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की हे उलटतं, काहींवर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन बदलावं लागतं. तोवर खिडकीच्या तळाशी एफ३ ते एफ८ ची जी पट्टी दिसते, ती नुसती माहिती नाही, ती बटणं आहेत. त्यांवर क्लिक करा, काम तेच होतं. या किल्ल्यांची रचना १९८६ मध्ये आलेल्या नॉर्टन कमांडर या फाइल मॅनेजरपासून चालत आलेली आहे, त्यामुळे एकदा हाताला बसली की डबल कमांडर किंवा लिनक्सवरचा मिडनाइट कमांडर असा दुसरा फाइल मॅनेजर समोर आला तरी एफ५ म्हणजे कॉपीच.

अजून थोड्या किल्ल्या, ज्या खरंच लागतात. कंट्रोल-डी ने नेहमीच्या फोल्डरांची यादी उघडते. त्यात चालू हंगामाचा फोल्डर आणि बॅकअपची डिस्क टाकून ठेवा. कंट्रोल-यू ने दोन्ही बाजूंची अदलाबदल होते. कंट्रोल-एम ने निवडलेल्या सगळ्या फाइलींना एकदम नावं देता येतात: लग्नघराचं नाव, मग आकडा. नवी नावं आधी शेजारच्या रकान्यात दिसतात, ती वाचून मगच सुरू करा. फोल्डरांची नावं मराठीत असतील आणि अक्षर टाइप करून शोधताना काहीच सापडत नसेल, तर विंडोज आणि स्पेस दाबून कीबोर्ड मराठी करा. एफ-किल्ल्यांना भाषेने फरक पडत नाही.

टोटल कमांडर ३० दिवस वापरून बघायला मिळतं, धंद्यासाठी वापरणार असाल तर लायसन्स घ्या. आत्ता खर्च नको असेल तर डबल कमांडर मोफत आहे आणि वर सांगितलेल्या बहुतेक किल्ल्या तिथे तशाच चालतात. लॅपटॉप कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल ते लिहा, म्हणजे एफएनचं सेटिंग नेमकं कुठे असेल ते बघून सांगते.