पाच टक्के खरे की तुमच्या मुलाचा वर्ग खरा?

ठाण्याच्या ताईंनी विचारलंय: देशात फक्त पाच टक्के किशोरवयीन मुलं जाड, मग माझ्या मुलाच्या नववीच्या वर्गात दर चौथा गुबगुबीत कसा?

ताई, दोन्ही खरं आहे. ते पाच टक्के २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातले, १० ते १९ वयाचे. त्याच सर्वेक्षणात २४ टक्के हडकुळे निघाले. घोडबंदर रोडच्या सोसायटीतला मुलगा आणि नंदुरबारच्या आश्रमशाळेतला मुलगा एकाच गाठोड्यात बांधले की असाच आकडा येणार. आपल्याकडे वजन शहरात आणि खाऊनपिऊन सुखी घरांत आधी वाढलं. इंग्लंडमध्ये उलटं आहे. तिथं सर्वांत गरीब वस्त्यांतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांत लठ्ठपणा सर्वांत सधन भागांच्या दुपटीहून जास्त. प्रशांत महासागरातल्या निउए बेटावर तर ५ ते १९ वयाची ३८ टक्के मुलं लठ्ठ. घरचं पारंपरिक खाणं मागे पडलं आणि बाहेरून येणारं स्वस्त, उष्मांकांनी ठासलेलं आलं. पाच रुपयांचे पुडे आता आपल्या खेड्यांतल्या टपऱ्यांवरही लटकतात, त्यामुळे 'हा श्रीमंतांचा आजार' हे वाक्य किती दिवस टिकेल याची मला शंकाच आहे.

वेग बघा. भारतात ५ ते १९ वयाची लठ्ठ मुलं १९९० मध्ये सुमारे ४ लाख होती, २०२२ मध्ये सव्वा कोटी.

पण माझा खरा मुद्दा काट्याबद्दल आहे. मी शाळांमध्ये वजन-उंची तपासत फिरतो. चौदा वर्षांचा, १६० सेंटिमीटर, ६२ किलोचा मुलगा आला की बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा) २४.२. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तो 'अतिवजन', 'लठ्ठ' नाही. आई सुटकेचा श्वास टाकते. तो टाकू नये, कारण वरच्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात १० टक्के किशोरांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. म्हणजे जाड मुलांच्या दुप्पट! बारीक दिसणारी मुलंही त्यात आहेत. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या मधुमेहाच्या दोन संशोधकांची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे: दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. हातपाय काडीसारखे नि पोट पुढे, ही आपली ठेवण.

तेव्हा वर्गातले गुबगुबीत मोजत बसू नका. घरी शिंप्याची टेप असेलच. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे १६० उंचीला ८० च्या आत. श्वास सोडल्यावर आकडा वाचा आणि पोराला आधी काही सांगू नका. माझ्याकडे तरी टेप दिसली की सगळे पोट आत ओढतात.