फुटबॉलवाल्यांनी वाचायचं काय?

प्रश्न: ताई, मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघत वाढलो, आता रात्री जागून प्रीमियर लीग बघतो. वाचायचा नाद आहे, पण मराठीत खेळावरचं काही शोधलं की क्रिकेटच हाताला लागतं. मध्ये दोन-तीन स्टार प्लेयर्सची आत्मचरित्रं घेतली, निम्म्यात ठेवून दिली. इंग्रजी वाचतो पण फार जड नको. काय घेऊ? १३ वर्षांची पुतणी शाळेच्या टीममध्ये खेळते, तिच्यासाठीपण सुचवा.

उत्तर: निम्म्यात ठेवलीत ते बरं केलंत. खेळत असलेल्या स्टारचं आत्मचरित्र म्हणजे वकिलाने तपासून दिलेला कागद, सगळे कोच ग्रेट, सगळे सहकारी भावासारखे, आणि ड्रेसिंग रूममध्ये खरं काय झालं ते सोडून बाकी सगळं. फुटबॉलवरची चांगली पुस्तकं मला तरी हरणाऱ्यांची, छोट्या क्लबांची नाहीतर स्टँडमध्ये बसलेल्यांचीच सापडलीत.

इंग्रजीची धास्ती असेल तर एदुआर्दो गालेआनोपासून सुरू करा. उरुग्वेचा लेखक, मूळ पुस्तक स्पॅनिशमधलं, १९९५चं, इंग्रजीत ‘सॉकर इन सन अँड शॅडो’ नावाने मिळतं. एकेक तुकडा पान-दीड पानाचा, कुठूनही उघडा. त्यात बार्बोसा भेटतो, १९५०च्या वर्ल्डकपमधला ब्राझीलचा गोलकीपर, रिओच्या माराकाना स्टेडियमवर उरुग्वेने २-१ने हरवलं आणि सगळं खापर याच्या डोक्यावर. १९९३मध्ये हा माणूस ब्राझीलच्या टीमला शुभेच्छा द्यायला कॅम्पवर गेला तर आत सोडलंच नाही, पनौती म्हणून. तेव्हा तो म्हणाला की आपल्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा ३० वर्षांची असते, मी ४३ वर्षं भोगतोय. गालेआनो हे थोडक्यात सांगतो आणि पुढे जातो, रडारड नाही.

मग निक हॉर्नबीचं ‘फीवर पिच’, १९९२चं. आईवडील वेगळे झालेत, सुट्टीच्या दिवशी पोराला घेऊन जायचं कुठे म्हणून बाप ११ वर्षांच्या पोराला १९६८मध्ये आर्सेनलच्या मॅचला नेतो, आणि पोराचं लक्ष खेळाडूंपेक्षा आजूबाजूच्या मोठ्या माणसांकडे, की ही माणसं पैसे भरून येतात आणि इतकी वैतागतात कशाला! पेठेच्या टीमसाठी घसा बसवलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. प्रत्येक प्रकरण एका मॅचचं, तारखेसकट, पण खरी गोष्ट त्या पोराच्या मोठं होण्याची. आर्सेनल आवडत नसेल तरी वाचा, मलाही आवडत नाही.

माझं सगळ्यात लाडकं मात्र जो मॅकगिनिसचं ‘द मिरॅकल ऑफ कास्तेल दि सांग्रो’. इटलीत आब्रुत्सोच्या डोंगरातलं पाचेक हजार वस्तीचं गाव, त्यांची टीम चढत चढत १९९६मध्ये थेट सेरी बीमध्ये, म्हणजे इटलीच्या दुसऱ्या नंबरच्या लीगमध्ये पोचते, आणि हा अमेरिकन लेखक, ज्याला फुटबॉलचं वेड नुकतंच लागलंय, पूर्ण सीझन तिथे राहायला जातो. जातो ते ठीक, पण कोचला टीम कशी निवडायची तेपण सांगायला लागतो! कोच याकोनी वैतागतो, आपल्याला हसू येतं. मध्येच दोन खेळाडू गाडीच्या अपघातात जातात तेव्हा हसू थांबतं. शेवटच्या मॅचबद्दल मी काही बोलणार नाही आणि तुम्हीही नेटवर शोधू नका, मजा जाईल.

टॅक्टिक्सची आवड असेल तर जोनाथन विल्सनचं ‘इनव्हर्टिंग द पिरॅमिड’, पण ते सावकाश, कागद-पेन घेऊन. आपल्याकडचं हवं तर नोवी कपाडियांचं ‘बेअरफूट टू बूट्स’ (२०१७). मधेमधे नावांचा भडिमार आहे, तो सोसा, कारण १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसोझा ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारतो आणि भारत चौथा येतो, हे आपल्या पोरांना माहितीच नसतं.

एक सावधानतेचा इशारा, पेटर हांडकेची पेनल्टीच्या वेळी गोलकीपरला वाटणाऱ्या भीतीवर नाव असलेली कादंबरी फुटबॉलची समजून घेऊ नका. नायक कधीकाळी गोलकीपर होता एवढंच, बाकी एका बाईचा खून आणि त्याचं भटकणं. पुस्तक चांगलं आहे, पण मॅच बघायच्या मूडमध्ये उघडलंत तर चिडाल.

पुतणीसाठी मोती नंदी. बंगालीत त्यांच्या ‘स्ट्रायकर’ आणि ‘स्टॉपर’ या दोन छोट्या कादंबऱ्या आहेत, अरुणाव सिन्हांनी इंग्रजीत आणल्यात, दोन्ही एकाच पुस्तकात मिळतात. पहिलीत कोलकात्याचा गरीब घरातला पोरगा मोठ्या क्लबात शिरायला धडपडतोय, दुसरीत पाय थकलेला डिफेंडर शेवटची झुंज देतोय. तिला ‘स्ट्रायकर’ द्या, ‘स्टॉपर’ आधी तुम्ही वाचा, चाळिशीच्या आसपास असाल तर जास्तच लागेल.