तेरा फोटो, एक साहेब आणि शिरोरेषा

प्रश्न : काका नमस्कार, मी गंगाखेडचा, दोन वर्षांपासून फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करायलोय. परवा एका वाढदिवसाच्या बॅनरला खाली शुभेच्छुकांचे तेरा फोटो लावायचे होते, सगळे कट केलेले, कुणी हात जोडून, कुणी हाताची घडी घालून, एकजण फेटा बांधून. फोटोशॉपमधी तेराच्या तेरा लेयर (प्रत्येक फोटोचा वेगळा थर) सिलेक्ट केले अन् सारखं अंतर ठेवायचं डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टल सेंटर्स हे बटण दाबलं, तर एका जागी दोघांचे खांदे एकमेकांवर चढले अन् दुसरीकडं मधी माणूस मावंल एवढी जागा उरली. खालची नावं टॉप एजेसनी (वरच्या कडा एका रेषेत आणायचं बटण) लावली तर तीबी वर-खाली. मालक म्हणतो डोळ्यानी लाव, बटणाच्या नादी लागू नको. फोटोशॉपचं व्हर्जन सीएस सिक्स आहे. माझं चुकतंय का सॉफ्टवेअरचं?

उत्तर : दोघांचंही नाही. तू विचारलं एक आणि त्यानं दिलं दुसरं, एवढंच झालंय.

तुमच्याकडं कापूस लावताना दोरीवर खुणा बांधून फुली पाडतात की नाही, ४ बाय २ म्हणलं की ते अंतर खोडापासून खोडापर्यंतचं, मग झाड अंगानं पसरलं काय अन् खुरटं राहिलं काय, दोरीला त्याचं देणंघेणं नाही. हॉरिझॉन्टल सेंटर्स म्हणजे ही दोरी. प्रत्येक लेयरचा मध्य धरायचा आणि मध्यापासून मध्यापर्यंत सारखं अंतर ठेवायचं. आता हात जोडलेला माणूस बारीक दिसतो आणि हाताची घडी घातलेला दीडपट रुंद, मग दोन रुंद शेजारी आले की खांद्याला खांदा भिडणारच आणि दोन बारीक आले की मधे मैदान. तुला हवी होती पंगत. पंगतीत माणूस कसाही असो, वाढप्याला जायला दोघांच्या मधे सारखी वाट पाहिजे, मांडीपासून मांडीपर्यंत कुणी मोजत नाही.

त्या वाटेचं बटण वेगळं आहे, डिस्ट्रिब्यूट स्पेसिंग, आणि ते फोटोशॉपमधे आलं ऑक्टोबर २०१८ ला. तुझं सीएस सिक्स २०१२ चं. म्हणजे तुझ्याकडं ते नाहीच, शोधत बसू नको. गंमत अशी की लेयर फोटोशॉपमधे १९९४ पासून, तिसऱ्या व्हर्जनपासून आहेत, आणि दोन लेयरमधली फट मोजून द्यायचं बटण यायला चोवीस वर्षं गेली. कोरल ड्रॉ या दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे कधीच अडलं नाही, तिथं शिफ्ट धरून पी दाबलं की फट सारखी. म्हणूनच आपल्याकडची बरीच जुनी पोरं फोटो फोटोशॉपात कट करतात आणि मांडणी कोरलमधे जाऊन करतात.

तरी सीएस सिक्समधेच करायचंय तर असं कर. व्ह्यू मेनूत स्नॅप चालू ठेव आणि तेरा जणांना खांद्याला खांदा लावून उभं कर, मधे फट शून्य. एक दुसऱ्याला आपोआप चिकटतो. मग रुलर टूलनी पहिल्याच्या डाव्या कडेपासून तेराव्याच्या उजव्या कडेपर्यंत मोज. समज ७१५० पिक्सेल आलं. बॅनर दहा फुटी आणि रिझोल्युशन ७२ (म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल) असेल तर रुंदी ८६४० पिक्सेल. उरले १४९०. यातले दोन्ही टोकांना १४५-१४५ सोडले की राहतात १२००, आणि तेरा माणसांत फटी किती, तर बारा. म्हणजे एका फटीला बरोबर १०० पिक्सेल. समास आधी असा ठरवायचा की भागाकार पुरा सुटला पाहिजे, नाहीतर १०६.४३ असले आकडे येतात आणि आपण पिक्सेलचे तुकडे करत बसतो. (सुटला नाही तरी आभाळ कोसळत नाही म्हणा, ७२ च्या रिझोल्युशनला एक पिक्सेल म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, फ्लेक्सवर कुणाच्या बापाला दिसणार नाही.)

आता सरकवायचं. सगळी रांग डावीकडं १४५ वर नेऊन ठेव. मूव्ह टूल हातात असताना बाणाची की एक पिक्सेल सरकवते, शिफ्ट धरून दहा. पहिला सोडून बाकीचे बारा सिलेक्ट कर, शिफ्ट धरून उजवा बाण दहा वेळा. मग दुसराही सोडून दे, उरलेल्या अकरांना तेच. असं शेवटच्यापर्यंत. पाच मिनिटाचं काम आहे, चहा सांगितलास तर चहा यायच्या आत होतं.

हे करायच्या आधी एक बघून घे, मी यात स्वतः पोळलोय. फोटो कट करताना इरेझर कुठंतरी चुकतो आणि माणसापासून लांब एक बारका ठिपका राहून जातो, आपल्याला दिसत नाही पण सॉफ्टवेअर त्या ठिपक्यासकट लेयरची रुंदी धरतं. अर्ध्याहून जास्त ठळक असलेला कुठलाही पिक्सेल त्याच्या हिशेबात येतो, विरळ सावली सोडून देतो. तर कंट्रोल टी दाबून बघ, चौकट माणसाला चिकटून आली तर ठीक, बाजूला उगीच पसरली असेल तर तिथं काहीतरी सांडलंय. तसंच, बॅनरच्या बाहेर एखादं फूल किंवा हार ठेवून दिलेला असतो, नंतर लावू म्हणून, आणि तो लेयरही चुकून सिलेक्ट होतो. डिस्ट्रिब्यूटमधे दोन टोकाचे जागेवर राहतात आणि मधले सरकतात, त्यामुळं तो बाहेरचा हार टोकाला धरला जातो आणि अख्खी रांग त्याच्याकडं ओढली जाते. पोरांना वाटतं कॉम्प्युटर बिघडला. आणि टोक कोणतं हे बॅनरवरच्या जागेवरून ठरतं, लेयर पॅनलमधे कोण वर कोण खाली याच्याशी संबंध नाही.

आता तू विचारलं नाहीस पण पुढच्या वेळी नक्की अडशील ते सांगतो. रांगेच्या मधोमध साहेब, ते दुप्पट मोठे, आणि दोन्हीकडं सहा-सहा कार्यकर्ते. सगळ्या तेरांची फट सारखी केली तर साहेब मधून सरकतात, कारण एकीकडचे सहा जण मिळून दुसरीकडच्या सहांपेक्षा रुंद असतात. साहेबांना मधे खिळून ठेवलं आणि डावीकडचे वेगळे, उजवीकडचे वेगळे बसवले तर डावी फट आणि उजवी फट वेगळी निघते. दोन्ही एकदम मिळत नाही, कुठल्याच बटणानी मिळत नाही, हा भूमितीचा प्रश्न आहे. मी एका निवडणुकीत साहेब मधे ठेवून मोकळा झालो होतो. बॅनर चौकात लागला, आणि संध्याकाळी एक कार्यकर्ता खरोखर टेप घेऊन दुकानात आला. म्हणे तो साहेबांपासून चार बोटांवर आणि मी सात बोटांवर, हे कुणी सांगितलं तुला करायला? त्याला सेंटर्स आणि स्पेसिंग काय समजावणार! बॅनर फुकट छापून दिला. तेव्हापासून मी माणसंच अशी वाटतो, दोन्हीकडं एक जाड एक बारीक, एक घडीवाला एक हात जोडलेला, दोन्हीकडची बेरीज जवळजवळ सारखी आली की फट आपोआप सारखी निघते. क्रम पक्षानंच ठरवून दिला असेल तर मग फोटो थोडा लहानमोठा करायचा, दुसरा उपाय नाही.

नावांचं बघू. इथं तुझ्या मालकाचं बरोबर आहे, पण अर्धंच. टॉप एजेस हे बटण इंग्रजीच्या कॅपिटल अक्षरांना बरं चालतं. आपल्या लिपीत डोळा बसतो शिरोरेषेवर, आणि सॉफ्टवेअरला शिरोरेषा कळत नाही, त्याला फक्त सगळ्यात वरचा पिक्सेल कळतो. ‘गणपत’मधे शिरोरेषेच्या वर काही नाही, ‘कैलास’मधे दोन मात्रा आहेत, ‘शिरीष’मधे वेलांट्या. तिघांना वरून एका रेषेत आणलं की ‘कैलास’ची शिरोरेषा मात्रांच्या उंचीएवढी खाली जाते. बॉटम एजेसनी केलं तर ‘विष्णू’चा ऊकार त्याला वर ढकलतो. सेंटर केलं तर सगळंच गंडतं.

उपाय एकदम सोपा आहे आणि तो कुणी शिकवत नाही. पहिलं नाव टाईप कर, टाईप टूलनी नुसतं क्लिक करून, चौकट ओढून नाही, आणि अलाइनमेंट सेंटर ठेव. मग त्याच लेयरची कॉपी ऑल्ट आणि शिफ्ट धरून आडवी ओढ, बारा कॉप्या, म्हणजे पहिल्यासकट तेरा. सगळ्या ‘गणपत’च. आता एकेका कॉपीत जाऊन नाव बदल. क्लिक करून टाकलेल्या मजकुराचा पाया हलत नाही, फॉन्ट आणि साइज तीच आहे, त्यामुळं मात्रा वर वाढते, ऊकार खाली उतरतो आणि शिरोरेषा जिथल्या तिथं राहते. आडवं सरकवताना प्रत्येक नाव आणि त्याच्या वरचा फोटो, दोनच लेयर सिलेक्ट करून आधी लिंक कर, मग नुसत्या फोटोच्या लेयरवर क्लिक करून अलाइन हॉरिझॉन्टल सेंटर्स दाब, म्हणजे फोटो जागेवर राहतो आणि नाव त्याच्याखाली येतं. व्हर्टिकलच्या बटणांना नावांच्या रांगेत हात लावायचा नाही.

फेट्याचंही तेच. टॉप एजेसनी लावशील तर फेटेवाल्याचं तोंड बाकीच्यांच्या छातीशी येईल. एक गाइड (मदतीची आडवी रेघ, छापून येत नाही) ओढ आणि सगळ्यांचे डोळे त्यावर आण, हातानी. तिथं मालक म्हणतो तेच खरं.

प्रश्न : काका, आम्ही अंबाजोगाईत बचत गटातर्फे पापड, शेवया आणि काळा मसाला विकतो. लेबल मीच मोबाइलवर कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपमधे करते आणि झेरॉक्सवाल्याकडं ए-फोर कागदावर छापून आणते. एका कागदावर बारा बसतात पण कात्रीनी कापताना प्रत्येक वेळी एखाद्याची किनार जातेच. सारखी जागा सोडायची सोय आहे का?

उत्तर : आहे ताई. बारा लेबल सिलेक्ट करा, पोझिशनमधे जा, तिथं जागा सारखी करायचा पर्याय मिळतो, आणि टायडी अप म्हणून एक आहे तो आडवं-उभं दोन्ही एकदम लावून देतो. पण किनार त्यामुळं जात नाही हो, लेबलचं माप कागदाला सोयीचं नसल्यामुळं जाते. ए-फोर असतो २१० बाय २९७ मिलिमीटर. लेबल ६० बाय ६५ चं ठेवा. आडवी तीन म्हणजे १८०, दोन्ही कडांना १० सोडले की मधल्या दोन फटींना ५-५ उरतात. उभी चार म्हणजे २६०, वर-खाली ११ सोडा, तीन फटींना पुन्हा ५-५. दोन्हीकडं पाच मिलिमीटर आलं, कात्री निवांत फिरते. कडेचे १० सोडायचेच, बहुतेक प्रिंटर अगदी काठापर्यंत छापत नाहीत.

एक करा, पहिलं लेबल पुरं झालं की त्यातला मजकूर, चित्र, रंग सगळं सिलेक्ट करून ग्रुप करा आणि मगच त्याच्या कॉप्या काढा. ग्रुप न करता टायडी अप दाबलं तर ते मिरचीचं चित्र एकीकडं आणि किंमत दुसरीकडं नेऊन ठेवतं. आणि झेरॉक्सवाल्याला सांगा, फिट टू पेज बंद करून शंभर टक्क्यावर काढ. नाहीतर तो कागदाला बसवायला सगळंच थोडं बारीक करतो आणि आपलं पाच मिलिमीटरचं गणित तिथंच संपतं.

प्रश्न : सर, उदगीरच्या एका शाळेत शिक्षक आहे. स्नेहसंमेलनाचं पोस्टर फोटोशॉपवर करताना अलाइन चालतं पण डिस्ट्रिब्यूटची बटणं फिकट दिसतात, दाबली जात नाहीत. घरच्या कॉम्प्युटरवर गिंप हे फोटोशॉपसारखं फुकटातलं सॉफ्टवेअर आहे, त्यात होईल का?

उत्तर : सर, तुम्ही दोनच लेयर सिलेक्ट करताय. दोघांच्या मधे सारखं काय वाटणार, फट एकच! तीन किंवा जास्त घ्या, बटणं जागी होतील. तीन घेऊनही फिकटच असतील तर बघा त्यात खालचा बॅकग्राउंड लेयर तर नाही, तो कुलूप लावलेला असतो, त्याला सोडून बाकीचे घ्या.

गिंपमधे होतं की. क्यू दाबलं की अलाइन टूल येतं. जुन्या २.१० मधे चित्रावर क्लिक करून आणि शिफ्ट धरून एकेक लेयर धरावा लागायचा, फार किचकट होतं ते, मी तर अर्ध्यात सोडून द्यायचो. मार्च २०२५ मधे ३.० आलं, त्यात लेयर पॅनलमधूनच चार-पाच लेयर एकदम सिलेक्ट होतात. तुमच्याकडं जुनं असेल तर आधी नवं टाकून घ्या, फुकटच आहे, आणि मग पोस्टरला बसा.