वाचकांचे प्रश्न : स्नोमोबाइलसाठी (बर्फावर पळणाऱ्या गाडीसाठी) स्वतः बनवलेला इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा मार्ग

प्रश्न : माझी गाडी ६०० सीसी, दोन-स्ट्रोक, दोन कार्ब्युरेटरची (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागांची) आहे. मूळ एअरबॉक्स (कार्ब्युरेटरआधीचा हवेचा डबा) काढून दोन्ही कार्ब्युरेटरना थेट उघडे फिल्टर लावले तर ताकद वाढेल का?

उत्तर : आवाज नक्की वाढेल, ताकद बहुधा घटेल. बाहेर उणे १५ अंश असताना एक्झॉस्टशेजारची बॉनेटखालची हवा २५ अंशांवर असली, तर त्याच आकारमानात ती सुमारे १३ टक्के कमी भरते. उघडे फिल्टर नेमकी हीच हवा ओढतात. त्यातच क्लचजवळ बेल्टची काळी रबरी भुकटी उडत असते, तीही फिल्टरवर बसते.

दुसरी गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलमधून (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतून) निघणाऱ्या बारीक हवानळ्या अनेक गाड्यांत एअरबॉक्समध्ये जातात. बाउलमधला दाब आणि कार्ब्युरेटरच्या गळ्यातला दाब यांच्या फरकावर जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून) किती पेट्रोल वर चढेल हे ठरतं. डबा काढून या नळ्या वाऱ्यावर लोंबत्या सोडल्या की मिश्रण क्षणाक्षणाला बदलतं. तोंडात बर्फ भरला तर पेट्रोलच थांबतं आणि पिस्टन जाम होतो. डबा बदला, पण डबा हवाच. नळ्याही नव्या डब्याच्या शांत कोपऱ्यातच न्या.

प्रश्न : मग डबा आणि नळी केवढी घ्यावी?

उत्तर : हिशोब सोपा आहे. दोन-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला, ढोबळमानाने, आपल्या सीसीइतकी हवा घेतं. ६०० सीसी आणि ८००० आरपीएम म्हणजे मिनिटाला ४८०० लिटर, सेकंदाला ८० लिटर. नळीत हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आत ठेवायचा तर ४० चौरस सेंटिमीटर छेद लागतो, म्हणजे सुमारे ७ सेंटिमीटर व्यासाची नळी. वळणं असतील तर ८ घ्या. पाच-पाच सेंटिमीटरच्या दोन नळ्यांचा छेद तेवढाच भरतो, पण घर्षण जास्त. चार-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एकदाच हवा लागते, म्हणून त्याच सीसीला आणि आरपीएमला निम्मा हिशोब धरा.

बाहेरचं तोंड मात्र खूप मोठं हवं. तिथे वेग ५ मीटरवर आला तर हवा बर्फाचा भुगा फारसा सोबत आणत नाही. त्यासाठी १६० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा हवी. जाळी निम्मीच मोकळी असते, म्हणून जाळीचा चौकोन १६ गुणिले २० सेंटिमीटरचा होतो. लोक चुकतात ते इथेच : नळी जाड घेतात आणि तोंडाला तळहाताएवढी जाळी लावतात.

डब्याचं आकारमान मूळ डब्याहून कमी नको. मूळ डब्याची तोंडं चिकटपट्टीने बंद करून त्यात मोजून पाणी ओता, की लिटरमध्ये आकडा मिळतो. दोन्ही कार्ब्युरेटरची तोंडं आत येणाऱ्या हवेपासून सारख्या अंतरावर ठेवा, नाहीतर एक सिलिंडर कायम उपाशी. प्रत्येक तोंडासमोर निदान त्याच्या व्यासाएवढी जागा मोकळी सोडा आणि कडा गोलसर ठेवा. मूळ रबरी बूट चांगले असतील तर तेच वापरा.

प्रश्न : कोणत्या मालातून बनवावा? आमच्याकडे थ्री-डी प्रिंटर आहे.

उत्तर : पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, उन्हात उभ्या गाडीतही वाकतं. पीव्हीसीचे नळ थंडीत ठिसूळ होतात, एका दणक्यात तडकतात. एबीएसला पेट्रोलचे शिंतोडे मानवत नाहीत, आणि दोन-स्ट्रोक कार्ब्युरेटर उलटे शिंतोडे उडवतोच. छापायचंच असेल तर नायलॉन. एचडीपीई (जाड डबे-बाटल्यांचं प्लास्टिक) उत्तम, पण ते गोंदाने चिकटत नाही, गरम हवेने वेल्ड करावं लागतं. दीड मिलिमीटरचा अॅल्युमिनियम पत्रा वाकवून वेल्ड केला तर सगळ्यात निर्धास्त. फायबरग्लास करणार असाल तर इपॉक्सी आणि चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या विणलेल्या कापडाचे पाच-सहा थर. सपाट भिंती थरथरतात, त्यांना बाहेरून पट्ट्या द्या.

आधी पुठ्ठ्याचा नमुना करा. बॉनेट बंद करून, स्की दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. इंजिन रबरी माउंटवर हलतं, म्हणून भोवती २० मिलिमीटर जागा सोडा.

आणि दोन सक्त मनाया. डब्याच्या आत पॉप रिव्हेट नकोत : त्यांची तुटलेली खिळी एक दिवस थेट सिलिंडरमध्ये जाते. नट-बोल्ट लावा, लॉकनट बाहेरच्या बाजूला ठेवा. साधं सिलिकॉन सीलंटही नको. पेट्रोलने ते फुगतं आणि त्याचे तुकडे जेटमध्ये अडकतात. भोकं पाडून झाल्यावर डबा धुवा, मग अंधाऱ्या खोलीत आत दिवा ठेवून फटी शोधा.

प्रश्न : झालेला डबा हवा अडवतोय की नाही हे कसं ओळखायचं?

उत्तर : पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पाटीवर बसवा. आत काच धुण्याचं न गोठणारं रंगीत द्रव भरा. एक टोक डब्याला जोडा, दुसरं वारा न लागणाऱ्या जागी उघडं ठेवा. डब्याकडच्या टोकात एक मिलिमीटरच्या भोकाची बुच बसवा, नाहीतर द्रव नाचत राहतो. पाटी हॅंडलजवळ बांधून तिच्यासमोर कॅमेरा लावा. पूर्ण थ्रॉटलवर वाचायला मान खाली घालू नका. दोन पातळ्यांतला १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक किलोपास्कल, म्हणजेच जवळपास एक टक्का हवा कमी. ५ ते १० सेंटिमीटर ठीक. २५ दिसले तर तोंड किंवा वळण तपासा. मूळ डब्याचं मोजमाप आधीच घेऊन ठेवलं तर तुलनेला काहीतरी असेल.

प्रश्न : भुसभुशीत बर्फात शिरलं की इंजिन गुदमरतं. डबा उघडला तर आत पाणी.

उत्तर : तोंड कुठे आहे? नाकाकडे किंवा पॅनच्या (गाडीच्या तळाच्या पत्र्याच्या) बाजूला असेल तर असंच होणार. ते वर, डॅशच्या पुढे, विंडशील्डच्या पायथ्याशी आणा. हवा डब्यात बाजूने शिरू द्या आणि कार्ब्युरेटरची तोंडं तळापासून उंच ठेवा, म्हणजे वेग मंदावल्यावर भुगा खाली बसेल. तळाला ६ मिलिमीटरचं भोक पाडून त्यावर चोचीसारखी एकतर्फी रबरी झडप बसवा. कागदी फिल्टर भिजला की बंद पडतो. जाळीखाली जाड छिद्रांचा, तेल न लावलेला फोम पुरतो. बर्फावर धूळ जवळजवळ नसते, अडवायचा असतो तो बर्फच.

हाताने उघडता येणारं एक जाळीदार दार बॉनेटच्या आतल्या बाजूला ठेवा. बाहेरचं तोंड बुजलं तर गरम हवा मिळेल. मिश्रण जरा रिच (पेट्रोल जास्त असलेलं) होईल, पण इंजिन वाचेल.

थ्रॉटलची स्लाइड (कार्ब्युरेटरमधली वरखाली सरकणारी झडप) बर्फाने उघडी अडकते, हा खरा धोका. तुमच्या गाडीत कार्ब्युरेटरला गरम कूलंटची नळी असेल तर डबा बसवताना ती काढू नका. प्रत्येक वेळी इंजिन सुरू करण्याआधी थ्रॉटल सुटताच परत येतो का ते पाहा, आणि किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या स्विचची) दोरी अंगाला अडकवल्याशिवाय निघू नका.

प्रश्न : जेट किती बदलायचे?

उत्तर : मूळ डबा बॉनेटमधली हवा घेत असेल आणि नवा बाहेरची, तर वरच्या हिशोबाने हवा सुमारे १५ टक्के जास्त भरेल (तेच १३ टक्के, गरम हवेच्या बाजूने मोजलेले), तेवढंच पेट्रोलही हवं. मेन जेट ३०० असेल तर ३४० पासून सुरुवात करा आणि दर वेळी १० ने उतरा. मूळ डबाही बाहेरचीच हवा घेत असेल तर ३२० पुरे. रिच बाजूने खाली यायचं, लीनकडून (पेट्रोल कमी असलेल्या मिश्रणाकडून) वर कधीच नाही. लीन इंजिन मोडायच्या क्षणापर्यंत झकास पळतं, म्हणून तर फसायला होतं.

तपासणी : नवे प्लग, गरम इंजिन, दाबलेल्या मोकळ्या सपाट बर्फावर पूर्ण थ्रॉटल, आणि थ्रॉटल न सोडता किल स्विच. प्लगच्या चिनीमातीच्या मुळाशी फिकट तपकिरी कडं दिसायला हवं. पांढरं फटक दिसलं तर थांबा. दोन्ही सिलिंडर वेगवेगळे बघा. पिस्टनच्या माथ्यावर ट्रान्सफर पोर्टसमोर (सिलिंडरमध्ये मिश्रण आणणाऱ्या खिडक्यांसमोर) धुतल्यासारखे स्वच्छ डाग असावेत. अजिबात नसतील तर पेट्रोल कमी पडतंय.

इंजेक्शनची गाडी असेल तर हवेच्या तापमानाचा सेन्सर नव्या डब्यात न्या. तो गरम बॉनेटमध्ये राहिला तर संगणक हवा विरळ समजून पेट्रोल कमी सोडतो. आणि ३००० मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांश विरळ असते : तिथे बसवलेले जेट घेऊन खाली उतरलात तर इंजिन लीन पडेल.

प्रश्न : आवाज कमी करायला आतून फोम चिकटवू का?

उत्तर : आतून नाही, सुटला तर इंजिनात जाईल. डब्याच्या बाहेरून जड रबरी थर लावा. उत्तर अमेरिकेत कारखान्यातून निघणाऱ्या गाडीला एसएई जे१९२ या आवाज मोजण्याच्या चाचणीत १५ मीटरवर ७८ डेसिबलची मर्यादा आहे आणि इनटेकचा आवाज त्यात मोजला जातो. ट्रेलवर (आखलेल्या बर्फवाटांवर) चालवणार असाल तर मूळ डबा फेकू नका.