पॉवर कॉर्ड बदलायच्या आधी

महागड्या पॉवर कॉर्डने (सॉकेटपासून उपकरणापर्यंतच्या विजेच्या वायरने) म्युझिक सिस्टिमचा आवाज सुधारत नाही. भिंतीच्या आत कित्येक मीटर साधीच वायर आहे, शेवटच्या दीड मीटरने काय होणार? शिवाय अ‍ॅम्प्लिफायरमधले रेक्टिफायर आणि कपॅसिटर हे भाग आलेल्या एसी विजेचा डीसी करतात, म्हणजे कॉर्डमधून येणारी वीज थेट आवाजापर्यंत जातच नाही. पॅसिव्ह स्पीकरला (ज्यात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसतो) तर पॉवर कॉर्ड नसतेच!

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेली आहेत. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लाव. तरी थांबला नाही, तर व्हॉल्यूम कमी करून सिग्नल केबल (उपकरणांना एकमेकांशी जोडणाऱ्या ऑडिओ वायरी) एकेक काढ; जी काढल्यावर घूं बंद होईल, तिथे घोळ. अर्थिंगची पिन मात्र कापू नकोस, जिवावर बेतेल. प्लग सैल किंवा गरम होत असेल तर कॉर्ड जरूर बदल, योग्य अँपिअरची साधी पुरते. आणि स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढून बघ, बासमधला फरक फुकटात कळेल.